माईक घ्यावा तो खोली पाहून, किंमत पाहून नव्हे

वाचकहो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका ताईंचा मुलगा पडेल चेहऱ्याने माझ्याकडे आला. पोरगा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, बोलण्यात हुशार. आपण घरच्या घरी पॉडकास्ट करावा असे त्याने मनावर घेतले होते. पॉडकास्ट म्हणजे रेडिओसारखाच ऐकण्याचा कार्यक्रम. फरक इतकाच की तो घरात बसून मुद्रित करता येतो आणि ऐकणारा आपल्या सवडीने मोबाईलवर ऐकतो. विषयही त्याने मोलाचा निवडला होता. त्याची आजी कापड गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. १९८२ च्या संपाने गिरणीचे दार बंद झाले, ते दिवस तिच्याच तोंडून ऐकवायचे, असा त्याचा बेत.

त्याने सहा हजारांचा मोठा चकचकीत माईक हप्त्यावर घेतला. घरी आणल्यावर कळले की त्याची तीन पिनांची वायर मोबाईलला लागतच नाही. त्याला ४८ व्होल्टचा पुरवठा देणारी वेगळी पेटी लागते. पेटी मित्राकडून उसनी आणली. आजीला बसवून तासभर मुद्रण केले. ऐकायला बसले तर काय? पत्र्यावरचा पाऊस स्पष्ट. शेजारच्या कुकरची शिट्टी स्पष्ट. पंख्याची घरघर, गल्लीतला भाजीवाला, सगळे जिथल्या तिथे! आजी मात्र कुठेतरी मागे, विहिरीत बसून बोलल्यासारखी.

ताई धुणीभांडी करून घर चालवतात. त्यांनी एवढेच विचारले, "भाऊ, पैसे पाण्यात गेले का हो?" या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी हा लेख लिहीत आहे. कारण हा प्रश्न उद्या तुमच्याही घरात येऊ शकतो.

महाग माईक वाईट असतो का?

मुळीच नाही. चूक माईकची नव्हती, जागेची होती. त्या मुलाने घेतलेला माईक कंडेन्सर जातीचा. त्याच्या आत अतिशय पातळ पडदा असतो. बारीकसा आवाजही त्याला हलवतो. आवाज बंदिस्त केलेल्या शांत स्टुडिओत हा गुण; पत्र्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत हाच अवगुण. जो कान मुंगीचे पाऊल ऐकतो, तो शेजाऱ्याचे भांडणही ऐकणारच.

दुसरी जात डायनॅमिक माईकची. सभेत, गाण्याच्या कार्यक्रमात वक्ते-गायक हातात धरतात, तो बहुधा हाच. यात पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते आणि ते लोहचुंबकात हलते. हा माईक दणकट असतो, त्याला वेगळी वीज लागत नाही. तोंडाजवळ धरून बोलावे लागते. जवळून बोलल्यामुळे आवाज फारसा वाढवावा लागत नाही, आणि म्हणून लांबची गडबडही कमी येते. शुअर कंपनीचा एसएम५८ हा याच जातीचा माईक १९६६ पासून जगभरच्या व्यासपीठांवर दिसतो. मात्र तीन पिनांचा डायनॅमिक माईक घेतला तरी मोबाईल किंवा संगणकाला जोडायला पेटी लागतेच. त्यापेक्षा यूएसबीची वायर थेट लागणारा डायनॅमिक घ्यावा. सॅमसन क्यू२यू सारख्या काही माईकना दोन्ही सोयी असतात.

तिसरा पर्याय कॉलर माईकचा. शर्टाला किंवा पदराला चिमट्याने लावतात तो शेंगदाण्याएवढा माईक. तारेचा साधा कॉलर माईक हजार रुपयांच्या आसपास, कधी त्याहून कमी किमतीतही मिळतो. स्वस्त आहे म्हणून त्याला नाक मुरडू नका. त्याच्यामागे मोठा इतिहास आहे.

स्वस्त माईक कुणामुळे मिळाला?

अमेरिकेतील जेम्स वेस्ट हे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ. जन्म १९३१ चा, व्हर्जिनिया राज्यातला. त्या काळी तिथे वर्णभेद कडक होता. मुलाने विज्ञान शिकायचे ठरवले तेव्हा वडिलांनी त्याची गाठ डॉक्टरेट मिळवलेल्या कृष्णवर्णीय माणसांशी घालून दिली. एवढे शिकूनही त्यांना पोस्टात नोकरी करावी लागत होती. तुझेही असेच होईल, ही बापाची धास्ती. पण मुलगा मागे हटला नाही. १९६२ साली बेल प्रयोगशाळेत वेस्ट आणि त्यांचे जर्मन सहकारी गेरहार्ड सेसलर यांनी इलेक्ट्रेट माईक तयार केला. टेफ्लॉनच्या पातळ पापुद्र्यात विजेचा भार कायमचा साठवून ठेवायचा, ही त्यातली युक्ती. त्यामुळे कंडेन्सर माईकच्या पडद्याला बाहेरून मोठा विद्युतदाब देण्याची गरज उरली नाही. माईक लहान झाला आणि स्वस्तही. पुढे टेपरेकॉर्डरपासून टेलिफोनपर्यंत तोच बसला. १९९९ मध्ये अमेरिकेच्या संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मान दालनात या दोघांची नावे नोंदली गेली. आज आपल्या पदराला लागतो तो कॉलर माईक बहुधा याच जातीचा असतो.

खरा मंत्र : अंतर

आता मुख्य गोष्ट. बोलणारा आणि माईक यांच्यातले अंतर निम्मे केले की माईकपर्यंत पोहोचणारा आवाज शक्तीने साधारण चौपट होतो. पंखा मात्र होता तिथेच राहतो, म्हणून त्याचा आवाज तेवढाच राहतो. म्हणजे एक पैसा खर्च न करता तुमचे बोलणे पुढे आले आणि घरघर मागे गेली. हातभर लांब ठेवलेल्या दहा हजारांच्या माईकपेक्षा वीतभर अंतरावरचा हजाराचा माईक आपल्या घरात सरस ठरतो, तो यामुळेच.

डायनॅमिक माईक ओठांपासून चार बोटांवर ठेवा. कॉलर माईक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. पदर, मंगळसूत्र, बांगडी त्याला घासणार नाही, हे पाहा. कॉलर माईक बहुधा सर्व दिशांचे ऐकतो, म्हणून दोघे बोलणार असतील तर प्रत्येकाला वेगळा लावणे उत्तम. समोरच्याच बाजूचे जास्त ऐकणारा माईक असेल, तर दोघांनी त्याच्या एकाच बाजूला शेजारी शेजारी बसावे.

आपल्या भाषेची एक अडचणही सांगतो. प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो. "जय भीम" म्हटले की "भी"वर माईक धप्प करतो. त्यासाठी माईकला फोमची टोपी घालावी आणि तो तोंडासमोर धरण्याऐवजी ओठांच्या कोपऱ्याशी थोडा तिरका धरावा. भरतकामाच्या रिंगवर जुना नायलॉनचा पायमोजा ताणून तोंड आणि माईक यांच्यामध्ये धरला तरी काम भागते.

खोली शांत कशी करावी?

रिकाम्या भिंती आणि स्टीलच्या भांड्यांची मांडणी आवाज परत फेकतात. त्यातूनच विहिरीत बोलल्यासारखे वाटते. बोलणाऱ्याच्या मागे दोरीवर जाड गोधडी टांगा. मांडणीवर चादर टाका. अंथरुणाची वळकटी समोर ठेवा. वीस मिनिटे पंखा बंद ठेवा. मोबाईल विमानाच्या खुणेवर टाका, म्हणजे मध्येच फोन वाजणार नाही. आणि वेळ निवडा. पाणी येण्याची, कुकर लावण्याची, मुले शाळेतून सुटण्याची वेळ टाळा. मात्र पत्र्यावरच्या पावसाला गोधडी पुरत नाही. पाऊस थांबण्याची वाट पाहावी लागते.

खरेदीपूर्वीचा जमाखर्च

मी कारकून माणूस, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. पाच गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : आधी काही न घेता मोबाईलवरच दोन मिनिटे मुद्रण करा. मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा. कान झाकणारा हेडफोन लावून ऐका. खोलीचे दोष तिथेच कळतील.

दुसरी : आपल्या मोबाईलचे भोक तपासा. बऱ्याच नव्या मोबाईलला गोल पिनेची जागाच नसते. त्यांना टाइप-सी पिनेचा माईक लागतो. गोल पीन असेल तर मोबाईलला चालणाऱ्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात.

तिसरी : माईकच्या किमतीत स्टँड, वायर, पेटी धरून बेरीज करा. मग परवडते का ते बघा.

चौथी : हप्त्यावर घेऊ नका. हौसेपायी व्याज भरू नये. पाच भाग मोबाईलवर किंवा कॉलर माईकवर करून बघा. सातत्य टिकले तर यूएसबीचा डायनॅमिक घ्या.

पाचवी : दुकानात लावून, बोलून, ऐकून घ्या. ते शक्य नसेल तर परत करण्याची मुदत विचारून घ्या.

आणि आजी?

त्या मुलाने माईक मुदतीत परत केला. थोडे पैसे कापले गेले, बाकीचे वाचले. त्यातून तारेचा कॉलर माईक आणि साधा हेडफोन आणला. पाऊस उघडल्यावर एका दुपारी आजीच्या मागे तिनेच शिवलेली गोधडी टांगली. माईक पदराला लावला. या खेपेस आजी जवळ बसून बोलत होती. साच्यांचा गोंगाट, पहिल्या पाळीचा भोंगा, संपात गहाण पडलेली भांडी... बोलता बोलता ती थांबली, तेव्हाचा तिचा श्वासही ऐकू आला. ते ऐकताना ताई पदराने डोळे पुसत होत्या. सासूच्या आयुष्यातल्या कितीतरी गोष्टी त्या प्रथमच ऐकत होत्या.

आजीला आता दम लागतो. दहा मिनिटांपेक्षा जास्त बोलवत नाही. म्हणून पोरगा दर रविवारी दहाच मिनिटे मुद्रित करतो.

बंधू-भगिनींनो, आपल्याही घरात असे कुणीतरी असेल. चांगला माईक घेऊ तेव्हा सुरुवात करू, म्हणून थांबू नका. माईक पुढच्या दिवाळीलाही बाजारात मिळेल. आज हातातला मोबाईल घ्या, गोधडी टांगा आणि त्यांच्याजवळ वीतभर अंतरावर बसा.