पहिल्यांदाच चर्चला जाताय?

प्रतापनगरहून सदरला जाता-येता ऑल सेंट्स कॅथेड्रल बाहेरून पाहिलं असेलच. मैत्रीण म्हणते, "रविवारी ये ना!" आणि डोक्यात प्रश्न सुरू. कुठं बसू? सगळे माझ्याकडेच बघतील का?

बऱ्याच चर्चमध्ये दारातच कुणीतरी हात मिळवतं, गीतांचं पुस्तक देतं. काही ठिकाणी नव्या पाहुण्यांना उभं राहून नाव सांगायला लावतात. टाळ्या पडतात, पण लाजाळू पोरापोरींना घाम फुटतो! त्यापेक्षा शेजारच्या काकूंनी गाण्याचं पान काढून दिलं, नंतर चहाला थांबवलं, की जास्त बरं वाटतं.

तुम्हीही एवढं लक्षात ठेवा. मोबाइल सायलेंट करा. सगळे उठले की उठा. दानाची पिशवी समोर आली तरी पैसे टाकलेच पाहिजेत असं नाही. प्रभुभोजन मात्र श्रद्धेचा भाग आहे. तेव्हा शांतपणे जागेवरच बसा. आणि एकदा जाऊन आलं म्हणजे धर्म बदलला, असं होत नाही. घरी बिनधास्त सांगून जा.

नागपूरला हे नवं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा इथंच एकत्र आल्या आणि 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' सुरू झालं. एकमेकांना सामावून घेणं तेव्हा त्यांनाही शिकावं लागलंच असेल.

म्हणून चर्चमधल्या यंग मंडळींनो, नवा चेहरा दिसला की आधी नाव विचारा, थोडं सरकून जागा द्या. फोन नंबर पुढच्या रविवारी!