मुंबईतला पोलिश वाणिज्यदूत

कोरेगावहून मिरजमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी कोल्हापूरच्या जरा अलीकडे वळिवडे नावाच्या लहानशा स्टेशनातून जाते. 1943 ते 1948 या काळात इथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. आजारी मुलांसाठी आपल्या सातारा जिल्ह्यात पाचगणीला वेगळी सोय होती. या माणसांसाठी हिंदुस्थानची दारं उघडावीत म्हणून मुंबईत झटणारे पोलंडचे महावाणिज्यदूत युजेनिउश बानाशिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांची नावं मात्र आपल्याकडे क्वचितच निघतात.

हे दांपत्य ज्यू निर्वासितांसाठीही झटलं. पण ज्यूंना वाचवणारे परदेशी वकिलातींतले अधिकारी म्हटलं की लिथुआनियातल्या काउनासचे जपानी अधिकारी चिउने सुगिहारा आठवतात. 1940 च्या उन्हाळ्यात टोकियोचा नकार असताना त्यांनी दोन हजारांहून अधिक व्हिसा हाताने लिहून दिले. पण व्हिसा मिळाला म्हणजे माणूस वाचला असं नव्हतं. जपानला पोचलेल्यांना पुढे कोण घेणार? ते ओझं टोकियोतले पोलिश राजदूत तादेउश रोमेर यांनी अंगावर घेतलं, देशोदेशींच्या वकिलातींत खेटे घातले. त्यांतले काही ज्यू मुंबईला पोचले.

मुंबई तेव्हा ज्यूंना सोपी नव्हती. 1934 पासून इथे ज्यू मदत संस्था काम करत होती, तरी सप्टेंबर 1939 मध्ये युद्ध पेटताच जर्मन ज्यूंनाही ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून धरलं गेलं. हिटलरपासून पळालेली माणसं हिटलरची माणसं म्हणून अहमदनगरच्या छावणीत! हा अन्याय विसरता कामा नये.

वळिवड्याचे लोक बहुतांशी कॅथलिक होते आणि त्यांना देशोधडीला लावलं ते स्टालिनने. त्यांची गोष्ट ज्यूंच्या गोष्टीत मिसळू नये. तरी धागा एकच आहे. सायबेरियातून सुटलेल्या अनाथ मुलांसाठी 1942 मध्ये अश्गाबादपर्यंत ट्रक गेले, मुलं आधी वांद्र्यात आणि मग जामनगरचे राजे जामसाहेब यांच्याकडे बालाचडीला राहिली. त्यामागेही हेच दांपत्य होतं.

1945 मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढली आणि बानाशिन्स्कींचं पद गेलं. ते दोघं मायदेशी परतले नाहीत, भारतातच राहिले. किराबाई 2002 मध्ये हैदराबादला वारल्या. कोल्हापूरकरांनी वळिवड्याची आठवण जपली आहे; आता सातारा-सांगलीच्या शाळांनी या दोघांची नावं मुलांना सांगावीत.