९९९९९ हा आकडा की रिकामी जागा?

अलिबागला चुंबकीय वेधशाळा आहे, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, मोजणीत गडबड होणार, म्हणून कुलाब्याचं काम १९०४मध्ये इथे हलवलं. आज ती भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

अशा वेधशाळांच्या दर मिनिटाच्या नोंदी ‘आयएजीए-२००२’ नावाच्या जागतिक साच्यात ठेवतात. अलिबागला चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक साधारण ३८,००० नॅनोटेस्ला. एखाद्या मिनिटाची नोंद हुकली, की या साच्यात त्या जागी ९९९९९.०० लिहायचं. माणसाला ते कळतं. संगणकाला मात्र तो सरळ आकडा! दिवसाच्या १४४० मिनिटांपैकी फक्त १० मिनिटं हुकली आणि तशीच सरासरी काढली, तर उत्तर सुमारे ४३० नॅनोटेस्लांनी फुगतं. मोठ्या चुंबकीय वादळातला फरकही असाच शेकड्यांत असतो, बरं का.

यावर उपाय म्हणजे ‘नॅन’, अर्थात ‘नॉट अ नंबर’. दशांश संख्या साठवण्याचं आयईईई ७५४ हे मानक १९८५चं. त्यात ही किंमत आहे. नॅनमध्ये काहीही मिळवा, उत्तर नॅनच. म्हणजे चूक झाकली जात नाही, पुढे वाहत जाते. आणि नॅन स्वतःच्याही बरोबरीचा नसतो. लहान-मोठा विचारलंत तरी उत्तर ‘नाही’. इथेच गोची होते. ‘किंमत ३७,०००च्या खाली गेली तर इशारा दे’ असं लिहिलंत आणि किंमत नॅन आली, तर इशारा येतच नाही.

आता प्रत्येक भाषेची तऱ्हा वेगळी. शून्याला शून्याने भागा: जावास्क्रिप्ट गुपचूप नॅन देते, पायथन तिथेच थांबून तक्रार करते. रस्टमध्ये दशांश संख्यांच्या यादीवर साधं ‘सॉर्ट’ चालवायला गेलात, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. नॅन आला तर तो कुठे ठेवायचा, ते आधी तुम्ही सांगायचं. कटकट वाटते खरी, पण मला हाच प्रामाणिकपणा आवडतो.

पायथनमध्येच बघा ना. नमपायची नेहमीची सरासरी एका नॅनने नॅन होते. पांडाज मात्र नॅन वगळून उरलेल्यांची सरासरी देते. सोयीचं आहे, पण १० मिनिटं हुकली काय, १४०० हुकली काय, समोर येतो तो एक नीटनेटका आकडा. आणि हुकलेली मिनिटं नेमकी वादळातली असली तर? २ सप्टेंबर १८५९ला कुलाब्याला आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी घसरला, तोही थोड्याच वेळात. तेवढ्याच नोंदी गळल्या असत्या, तर तो खड्डा सरासरीत दिसलाच नसता.

तेव्हा फाइल वाचतानाच ९९९९९चा नॅन करून घ्या. त्याच साच्यात ८८८८८ही सापडेल. तो घटक तिथे मोजतच नाहीत, असा त्याचा अर्थ. दोन्हींचा नॅन केलात तर हा भेद पुसला जातो, म्हणून त्याची खूण वेगळ्या रकान्यात ठेवा. आणि दर सरासरीशेजारी ती किती मिनिटांवरून काढली, तेही छापा. पांडाजमध्ये ‘काउंट’ तेवढंच मोजतं.