मेटा अभ्यासक्रम दुवा

मेटा अभ्यासक्रम दुवा ही मूडल या ऑनलाइन अध्ययन व्यवस्थापन प्रणालीतील नावनोंदणीची एक पद्धत आहे. या पद्धतीने एका अभ्यासक्रमात नोंदलेले विद्यार्थी दुसऱ्या अभ्यासक्रमात आपोआप नोंदले जातात. तसेच पहिल्या यादीत पुढे होणारे बदल दुसऱ्या यादीतही उतरतात. एकच विषय अनेक शाखांच्या किंवा तुकड्यांच्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवायचा असेल, तेव्हा तीच नावे पुनःपुन्हा भरण्याचे काम यामुळे टळते. या लेखात ज्या अभ्यासक्रमातून नावे येतात त्याला ‘स्रोत अभ्यासक्रम’ आणि ज्यात ती गोळा होतात त्याला ‘संयुक्त अभ्यासक्रम’ असे म्हटले आहे.

पार्श्वभूमी

मूडल ही मुक्त स्रोत प्रणाली असून ती ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामास यांनी विकसित केली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ साली प्रसिद्ध झाली. सार्वजनिक परवान्याखाली ती विनामूल्य उपलब्ध असल्यामुळे कोणतीही शिक्षणसंस्था ती आपल्या सर्व्हरवर बसवू शकते. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथेही मूडलचा वापर होतो.

मूडलच्या आरंभीच्या आवृत्त्यांत ‘मेटा कोर्स’ हा अभ्यासक्रमाचाच एक प्रकार होता. अभ्यासक्रमाच्या मांडणीत तसा पर्याय निवडला की त्याची संपूर्ण यादी अन्य अभ्यासक्रमांवरून तयार होत असे. २०१० साली आलेल्या २.० या आवृत्तीत नावनोंदणीची रचना नव्याने करण्यात आली आणि मेटा दुवा ही नावनोंदणीच्या अनेक पद्धतींपैकी एक पद्धत झाली. त्यामुळे एकाच अभ्यासक्रमात काही विद्यार्थी दुव्याने, काही शिक्षकाने स्वतः नोंदवून, तर काही स्वयंनोंदणीने येऊ शकतात.

कार्यपद्धती

ही सोय एका प्लगइनद्वारे मिळते. प्रणाली नव्याने बसवल्यावर हे प्लगइन बंद असते; संकेतस्थळाच्या प्रशासकाने ते सुरू करावे लागते. त्यानंतर संयुक्त अभ्यासक्रमाच्या सहभागी विभागातील नावनोंदणीच्या पद्धतींमध्ये ‘कोर्स मेटा लिंक’ हा पर्याय घेऊन स्रोत अभ्यासक्रम निवडला जातो. एका संयुक्त अभ्यासक्रमाला अनेक स्रोत जोडता येतात. दुवा जोडणाऱ्या व्यक्तीकडे संयुक्त अभ्यासक्रमात दुवा मांडण्याची आणि स्रोत अभ्यासक्रम दुव्यासाठी निवडण्याची, अशा दोन्ही परवानग्या असाव्या लागतात. म्हणून दुसऱ्या शिक्षकाची यादी कोणालाही परस्पर वापरता येत नाही.

दुवा एकाच दिशेने काम करतो. स्रोतात नाव आले की ते संयुक्त अभ्यासक्रमात येते. परंतु संयुक्त अभ्यासक्रमात थेट घातलेले नाव स्रोताकडे जात नाही. दुव्याने आलेले नाव पुढच्या दुव्यावरून तिसऱ्या अभ्यासक्रमातही जात नाही. ‘क’ची यादी ‘ख’मध्ये आणि ‘ख’ची ‘ग’मध्ये जोडली असेल, तरी ‘क’चे विद्यार्थी ‘ग’मध्ये पोहोचत नाहीत, त्यासाठी ‘क’ आणि ‘ग’ यांच्यात स्वतंत्र दुवा द्यावा लागतो. यादीतील बदल सामान्यतः तत्काळ लागू होतात आणि त्यातून काही सुटले, तर ठरावीक वेळाने चालणारे स्वयंचलित काम ते जुळवून घेते.

उच्च शिक्षणातील उपयोग

सर्व शाखांना समान असणारे विषय हे या पद्धतीचे स्वाभाविक क्षेत्र होय. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर दिलेल्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि पुढे तो पदवीच्या सर्व शाखांना आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या श्रेयांक आराखड्यात मुख्य विषयाबरोबरच खुले वैकल्पिक विषय, क्षमता संवर्धन, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानप्रणाली असे घटक आहेत. त्यामुळे कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांचे विद्यार्थी एकाच विषयासाठी एकत्र येण्याचे प्रसंग वाढले.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ साली झाली. २०११ साली चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांसाठी गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात राहिले. अशा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एखाद्या महाविद्यालयाचे काल्पनिक उदाहरण घेतल्यास दुव्याचे काम स्पष्ट होते. नागपुरातील त्या महाविद्यालयात प्रथम वर्षाला कला शाखेचे ८०, वाणिज्य शाखेचे १२० आणि विज्ञान शाखेचे १०० विद्यार्थी आहेत असे मानू. प्रत्येक शाखेचा मूडलवर स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पर्यावरण शिक्षणाचा एक संयुक्त अभ्यासक्रम तयार करून त्याला हे तीन स्रोत जोडले की ३०० विद्यार्थ्यांची यादी एकदम तयार होते. प्रवेशाच्या शेवटच्या फेरीत वाणिज्य शाखेत आणखी ५ विद्यार्थी आले, तर ती नावे केवळ वाणिज्य शाखेच्या यादीत घालावी लागतात. पर्यावरणाच्या शिक्षकाला वेगळे काही करावे लागत नाही.

दुवा नसेल, तर तीच ५ नावे दोन ठिकाणी भरावी लागतात. त्यातील एखादे दुसऱ्या यादीत राहून गेल्यास त्या विद्यार्थ्याला पर्यावरणाच्या सूचना, चाचणी आणि गृहपाठ यांपैकी काहीच दिसत नाही. कामठी किंवा उमरेडहून येणारा, रोज महाविद्यालयात न येऊ शकणारा विद्यार्थी ऑनलाइन सूचनांवरच अवलंबून असेल, तर यादीतील ही चूक त्याला चाचणीची मुदत उलटून गेल्यावरच कळण्याचा संभव असतो.

भूमिका आणि गट

मूडलमध्ये प्रत्येक सहभागी व्यक्तीला विद्यार्थी, शिक्षक यांसारखी भूमिका दिलेली असते. मेटा दुव्याने नावाबरोबर भूमिकाही जाते. म्हणून वेगळी व्यवस्था केली नसल्यास वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमातील शिक्षक पर्यावरणाच्या संयुक्त अभ्यासक्रमातही शिक्षक ठरतो आणि त्याला अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांचे गुण पाहता येतात. हे नको असल्यास कोणत्या भूमिका दुव्यावरून जाऊ नयेत, हे प्रशासकाला आधीच ठरवता येते. विद्यार्थ्यांच्या गुणांची गोपनीयता राखण्याच्या दृष्टीने हा निर्णय दुवा सुरू करण्यापूर्वी होणे महत्त्वाचे असते.

दुवा देताना त्या स्रोतातील विद्यार्थ्यांना संयुक्त अभ्यासक्रमातील एखाद्या गटात घालता येते किंवा त्यांच्यासाठी नवा गट तयार करता येतो. वरील उदाहरणात शाखानिहाय तीन गट केल्यास उत्तरे तपासणे, गुणांची यादी काढणे आणि एखादी सूचना एकाच शाखेला देणे सोपे जाते. ३०० नावांच्या सलग यादीत ही कामे कष्टाची होतात.

नाव वगळल्यास होणारे परिणाम

स्रोत अभ्यासक्रमातून नाव काढल्यास संयुक्त अभ्यासक्रमात काय व्हावे, यासाठी तीन पर्याय आहेत: नोंदणी पूर्णपणे रद्द करणे, ती स्थगित करणे, किंवा स्थगित करून भूमिकाही काढून घेणे. मूळ मांडणीत तिसरा पर्याय निवडलेला असतो. स्थगितीमुळे प्रवेश थांबला तरी विद्यार्थ्याची नोंद शिल्लक राहते. नोंदणी पूर्णपणे रद्द केल्यास मात्र त्याचे गुण चालू गुणनोंदवहीतून दिसेनासे होतात. पुन्हा नोंदणी करताना जुने गुण परत मिळवण्याची सोय मूडलमध्ये आहे. परंतु ती वापरण्याचे भान ठेवावे लागते.

एखादा विद्यार्थी दोन स्रोतांत असेल, तर संयुक्त अभ्यासक्रमात तो एकदाच दिसतो. मात्र त्याच्या नोंदण्या दोन असतात आणि त्यांपैकी एक चालू असेपर्यंत त्याचा प्रवेश कायम राहतो. शाखाबदलाच्या वेळी ही गोष्ट उपयोगी पडते. विज्ञान शाखेतून वाणिज्य शाखेत जाणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव आधी वाणिज्य शाखेत घालून नंतर विज्ञान शाखेतून काढल्यास त्याच्या पर्यावरणाच्या अभ्यासात खंड पडत नाही. हाच क्रम उलटा केल्यास मधल्या काळात त्याचा प्रवेश बंद होतो.

सत्र संपल्यावर स्रोत अभ्यासक्रम रिकामा करण्याचा किंवा काढून टाकण्याचा परिणामही संयुक्त अभ्यासक्रमावर होतो. त्यामुळे संयुक्त अभ्यासक्रमाचे गुण अंतिम होऊन सुरक्षित जतन झाल्याशिवाय स्रोताला हात लावू नये, असा संकेत पाळणे हिताचे ठरते.

मर्यादा

मेटा दुव्याने केवळ सहभाग जोडला जातो. पाठ्यसामग्री, गृहपाठ, चाचण्या आणि गुण ज्या त्या अभ्यासक्रमातच राहतात. संयुक्त अभ्यासक्रमात मिळालेले गुण स्रोताच्या गुणनोंदवहीत आपोआप जात नाहीत. ते फाइलच्या रूपाने बाहेर काढून तेथे भरावे लागतात. तसेच दुव्याने आलेले चालू नाव संयुक्त अभ्यासक्रमाच्या शिक्षकाला तेथून वगळता येत नाही. तो बदल स्रोतातच करावा लागतो. म्हणून स्रोताची यादी कोण सांभाळणार, हे संस्थेत स्पष्टपणे ठरलेले असणे आवश्यक असते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार स्थापन झालेल्या शैक्षणिक श्रेयांक बँकेशी या दुव्याचा संबंध नाही. ती बँक विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक साठवते. मेटा दुवा फक्त एका प्रणालीतील वर्गयाद्या जुळवतो.

अन्य पद्धती

मूडलमध्येच ‘कोहॉर्ट’ नावाची दुसरी सोय आहे. तीत विद्यार्थ्यांचा संच कोणत्याही अभ्यासक्रमाबाहेर, संकेतस्थळाच्या किंवा एखाद्या प्रवर्गाच्या पातळीवर तयार करून हव्या तितक्या अभ्यासक्रमांना जोडता येतो. कार्यालयाकडे प्रवेशाची अधिकृत यादी असेल आणि तीच सर्वत्र लागू करायची असेल, तेव्हा कोहॉर्ट सोयीचा पडतो. यादी मुळात एखाद्या अभ्यासक्रमातच घडत असेल, तेव्हा मेटा दुवा अधिक सरळ ठरतो. ब्लॅकबोर्ड या प्रणालीत अनेक अभ्यासक्रम एका मुख्य अभ्यासक्रमाखाली एकत्र करण्याची सोय आहे, तर कॅनव्हासमध्ये एका अभ्यासक्रमाची तुकडी दुसऱ्या अभ्यासक्रमात हलवता येते. या दोहोंत विद्यार्थ्यांचे काम एकाच ठिकाणी चालते. मूडलच्या मेटा दुव्यात मात्र स्रोत आणि संयुक्त असे दोन्ही अभ्यासक्रम विद्यार्थ्यासाठी स्वतंत्रपणे चालू राहतात.