अडीच इंच बर्फ आणि अख्खं शहर जाम!

समजा, मंगळवारची दुपार आहे. लेक्चर चालू असतानाच ग्रुपवर मेसेज पडतो : ‘आज लवकर सुट्टी. सगळ्यांनी घरी जा.’ बाहेर बर्फ भुरभुरायला लागलाय. तुम्ही खुशीत गाडी काढता. घर वीस किलोमीटरवर, म्हणजे एरवी अर्ध्या तासाचा रस्ता. आणि तुम्ही घरी पोहोचता कधी? दुसऱ्या दिवशी सकाळी. तेही नशीब जोरावर असेल तर!

ही सिनेमाची स्टोरी वाटेल, पण २८ जानेवारी २०१४ ला अमेरिकेतल्या अटलांटा शहरात हजारो लोकांचं नेमकं हेच झालं. हे जॉर्जिया टेकचं गाव, म्हणजे आपल्याकडची कितीतरी मुलं एम.एस.साठी जातात ते. शहर आणि आजूबाजूची उपनगरं मिळून तेव्हाची लोकसंख्या ५० लाखांच्या वर. आणि त्या दिवशी विमानतळावर नोंदला गेलेला बर्फ किती? फक्त २.६ इंच. तुमच्या हातातल्या मोबाइलची रुंदी असते ना, साधारण तेवढा!

सगळे एकदम निघाले

आदल्या दिवशीपर्यंत जास्त बर्फ शहराच्या दक्षिणेला पडेल असं चित्र होतं. पहाटे हवामान खात्याने अटलांटासाठीही वादळाचा इशारा दिला. पण तोवर दिवस सुरू झाला होता. शाळा भरल्या, ऑफिसं उघडली. दुपारच्या सुमारास बर्फ दिसायला लागला आणि मग सगळ्यांची एकच धांदल उडाली. शाळांनी मुलांना सोडलं, कंपन्यांनी स्टाफला सोडलं, सरकारी ऑफिसं रिकामी झाली. सगळं जवळपास एकाच वेळी.

आता गणित बघा. हायवेची एक लेन अगदी चांगल्या दिवशी तासाला साधारण दोन हजार गाड्या पुढे नेते. रोजची संध्याकाळची गर्दी निभावते, कारण ती तीन-चार तासांत विभागलेली असते. कुणी चारला निघतं, कुणी सातला. त्या दिवशी ही अख्खी गर्दी एका-दीड तासात रस्त्यावर आली. म्हणजे जाम व्हायला बर्फाची गरजही नव्हती. बर्फाने फक्त त्या जामला कुलूप लावलं.

टायरखालची काच

कसं ते फिजिक्सला विचारा. कोरड्या डांबरावर ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी करकचून ब्रेक लावल्यावर साधारण १५ मीटरमध्ये थांबते. बर्फाच्या काचेवर हेच अंतर १०० मीटरपर्यंत जातं. अटलांटात पडलेला ताजा भुसभुशीत बर्फ हजारो टायरखाली दबला, जरा वितळला आणि थंडीने पुन्हा गोठला. झाली काच तयार! त्यात हे शहर चढउताराचं. चढावर एक ट्रेलर आडवा झाला की मागचा अख्खा हायवे बंद. त्या वादळात राज्यभर हजाराहून जास्त अपघातांची नोंद झाली.

‘मग मीठ का नाही टाकलं?’ बरोबर प्रश्न. मिठामुळे पाणी शून्याच्याही खालच्या तापमानाला गोठतं, म्हणून थंड प्रदेशात रस्त्यांवर मीठ पसरतात. पण मिठाचे ट्रक जाणार कुठून? तेही त्याच जाममध्ये अडकले. पुढे लोक गाड्या रस्त्यातच सोडून चालत निघाले आणि त्या बेवारस गाड्यांनी उरलीसुरली वाटही अडवली.

शिकागोसारख्या शहराला एवढा बर्फ किरकोळ वाटला असता. तिथे बर्फ काढणाऱ्या गाड्या सज्ज असतात, चालकांना सवय असते. अटलांटात असा बर्फ क्वचितच पडतो, त्यामुळे तयारीही तेवढीच. शिवाय शहर दूरवर पसरलेलं, मेट्रोचं जाळं छोटं. घरी जायचं म्हणजे गाडीच हवी.

रात्र रस्त्यावर

दोन हजारांहून जास्त मुलांनी ती रात्र शाळेतच काढली. शिक्षकही त्यांच्यासोबत थांबले. काही मुलं तर रात्री उशिरापर्यंत स्कूलबसमध्येच होती. इंटरस्टेट २८५ या रिंगरोडवर अडकलेल्या गाडीत एका बाळाचा जन्म झाला. होम डेपो या कंपनीने आपली दुकानं अडकलेल्या लोकांसाठी रात्रभर उघडी ठेवली. औषधांच्या दुकानांत, सुपरमार्केटमध्ये लोक जमिनीवर अंग टाकून झोपले. फेसबुकवर एक ग्रुप सुरू झाला आणि बघता बघता त्यात ५० हजारांहून जास्त लोक जमले. ‘मी अमुक एक्झिटजवळ आहे, गाडीत लहान बाळ आहे’ अशी पोस्ट पडायची आणि जवळपास राहणारं कुणीतरी ‘आमच्या घरी या’ म्हणायचं. दुसऱ्या दिवशी नॅशनल गार्डचे जवान मदतीला उतरले. पुढे जॉर्जियाचे गव्हर्नर नेथन डील यांनी लोकांची जाहीर माफी मागितली.

२२ गाड्यांचा प्रयोग

या सगळ्यात मूर्ख कोण होतं? गंमत अशी की, एकेकट्याला विचाराल तर कुणीच नाही. मुलांना घरी पाठवणारे मुख्याध्यापक चुकीचे नव्हते. स्टाफला सोडणारे बॉस चुकीचे नव्हते. लेकराला आणायला धावलेली आई तर नाहीच नाही. प्रत्येकाचा निर्णय बरोबर होता. चुकली ती बेरीज.

जपानी शास्त्रज्ञांचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक भारी प्रयोग आहे. त्यांनी २३० मीटर घेराच्या गोल ट्रॅकवर २२ गाड्या सोडल्या. सिग्नल नाही, अपघात नाही, खड्डा नाही. सगळ्यांना एकच सूचना : ताशी ३० किलोमीटरच्या आसपास चालवत राहा. तरी थोड्याच वेळात जाम तयार झाला! एकाने किंचित ब्रेक दाबला, मागच्याने जरा जास्त, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि थांबण्याची लाट मागे मागे सरकत गेली. गाड्यांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की जाम व्हायला कुणाची चूक लागतच नाही.

दोन आठवड्यांनी…

याचा पुरावा त्याच शहराने दिला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अटलांटावर पुन्हा वादळ आलं. या वेळी बर्फासोबत गोठणारा पाऊसही होता, म्हणजे रस्त्यांसाठी जास्तच वाईट. राज्यात लाखो लोकांची वीज गेली. पण हायवे? ओस! वादळ येण्याआधीच आणीबाणी जाहीर झाली होती, शाळा बंद होत्या, लोक घरातच थांबले होते. शहर तेच, रस्ते तेच. बदलली ती फक्त निर्णयाची वेळ.

आपल्याकडे बर्फ नाही, पण…

आपल्याकडे बर्फाच्या जागी पाऊस आहे. २६ जुलै २००५ ला तुमच्यापैकी बरेच जण जन्मलेही नसतील, पण घरी विचारून बघा. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्यात जेमतेम ७३! म्हणजे दक्षिण मुंबईतल्या ऑफिसांत बसलेल्यांना उपनगरांत काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. लोक नेहमीसारखे घरी निघाले आणि पाण्यात अडकले. तिथेही अनेकांनी रात्र ऑफिसात, बसमध्ये, शाळेत काढली. अटलांटासारखेच अनोळखी लोक चहा-बिस्किटं घेऊन धावून आले.

म्हणून पुढच्या वेळी धो-धो पावसात ‘कॉलेज सुटलं’ असा मेसेज आला, तर बॅग उचलायच्या आधी दोन मिनिटं थांबा. निघायचंच असेल तर पाणी भरायच्या आधी निघा. ती वेळ टळून गेली असेल तर सरळ थांबा. सगळ्यात वाईट वेळ मधली, जेव्हा सगळे निघतात. घरी कळवा, ‘मी सुरक्षित आहे, उशिरा येईन.’ फोनची बॅटरी रील्सवर उडवू नका. कॉलेजजवळ राहणाऱ्या मित्राचं घर आजच हेरून ठेवा. तुमचं घर कॉलेजजवळ असेल, तर चार जणांच्या चहाची आणि अंथरुणाची तयारी ठेवा. गाडी सोडून जायची वेळ आलीच तर ती कडेला लावा, अॅम्ब्युलन्सला वाट हवी.

आणि उद्या तुमच्यातलंच कुणी प्राचार्य होईल, कुणी कंपनीत टीम सांभाळेल, कुणी महापालिकेत बसेल. ‘सगळे घरी जा’ हा मेसेज तेव्हा तुमच्या हातात असेल. तो पाठवायच्या आधी बाकीची कॉलेजं आणि ऑफिसंही याच मिनिटाला हाच मेसेज टाइप करतायत का, एवढं जरूर विचारा.