रविवारची साक्ष

रविवारची सुटी कोणाच्या कृपेने मिळालेली नाही. क्रांतिबा जोतीराव फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सतत झगडून १० जून १८९० रोजी ही साप्ताहिक सुटी मालकांकडून पदरात पाडून घेतली. पुढे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांनी आणलेल्या १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. १९४८ चा कारखाना कायदा जाऊन नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रमसंहिता लागू झाल्या, तरी आठवड्यातून सहा दिवसांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही हे तत्त्व त्यांतही ठेवावेच लागले. हे सगळे आपण १ मे रोजी माइकवरून सांगतो. पण एवढ्या झगड्याने मिळालेल्या रविवारचे आपण घरात काय करतो, याचा विचार कोणी करायचा?

आमच्या आईवडिलांच्या आयुष्यात रविवार नव्हता. नांदेड जिल्ह्यातल्या गावात दुसऱ्याच्या रानात राबणाऱ्याला वार एकच, बाजाराचा. मजुरी त्या दिवशी मिळायची, तेलमीठ त्या दिवशी घरात यायचे. १९७२ च्या दुष्काळात आबा एकोणीस वर्षांचे होते. रस्त्याच्या कामावर खडी फोडली, मिलो ज्वारीची भाकर आणि सुकडी खाऊन दिवस काढले. तिथे सुटीचा वार विचारणार कोण? आज तेच दोघे महिन्यातून एकदा एसटीने नांदेडला आमच्याकडे येतात. दोघांचेही तिकीट अर्धे, त्यामुळे आईचा आग्रह असतो की उरलेल्या पैशात नातवंडांना केळी घ्यायचीच.

शहरातल्या आपल्या सुशिक्षित घरांत रविवार कसा जातो ते वाचकांना ठाऊक आहे. मुलगा दहा वर्षांचा असेल तर सकाळी शिष्यवृत्तीचा क्लास, दुपारी अबॅकस. आईबाप नोकरदार असतील तर आठवड्याचे धुणे, दळण, बँकेचे कागद. बाप कार्यकर्ता असेल तर जयंती समितीची बैठक, आणि चळवळीच्या बैठका तर रविवारीच! गावाहून आलेले आजीआजोबा टीव्हीसमोर बसतात, जेवतात, संध्याकाळच्या गाडीने परत जातात. त्यांच्याशी दिवसभरात झालेले बोलणे ‘गोळ्या घेतल्या का?’ एवढेच. लोखंडेंनी मिळवलेला दिवस असा क्लासवाल्यांच्या आणि हारतुऱ्यांच्या घशात जातो, हे आम्हाला मुळीच पटत नाही.

म्हणून आमच्या घरात आबा-आई येतात त्या रविवारी क्लास बंद. सकाळी सगळे विहारात जातात, त्रिशरण-पंचशील होते, मुले धम्मवर्गात बसतात. परत आल्यावर सैपाकाचा प्रश्न येतो. रविवारची सुटी घरातल्या बाईला नसते, हे सत्य स्त्रीमुक्तीच्या परिसंवादात टाळ्या घेते आणि घरी आल्यावर चुलीपाशी विरते. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपद सोडणाऱ्याचे अनुयायी म्हणवून घ्यायचे आणि बायको मटणाचे वाटण वाटत असताना पेपर वाचायचा, हे जमणारे नाही. कांदे आम्ही चिरतो, लसूण आबा सोलतात. आबांना हे पहिल्यांदा अवघड गेले. आता ते म्हणतात, खडी फोडण्यापेक्षा लसूण बरा.

मुले लहान असली की दिवस शांत जात नाही. धाकटी सहा वर्षांची. मागच्या महिन्यात विहारातून आल्यावर ती रडायला लागली, जेवेना. आईने मुकाट्याने मीठ-मिरच्या मुठीत घेतल्या आणि तिच्यावरून ओवाळू लागली. थोरला धम्मवर्गातून ताजाच आलेला. तो भर घरात म्हणाला, “आजी, ही अंधश्रद्धा आहे. बुद्धाला चालत नाही.” आई थांबली नाही. मिरच्या चुलीत, म्हणजे गॅसवर, टाकून तिने उत्तर दिले, “आरं लेकरा, तुह्या बापाला दवाखाना कुठं व्हता? मीठ-मिरचीच व्हती.”

पोराचे म्हणणे बरोबर होते, यात शंका नाही. दृष्टबिष्ट काही नसते आणि ते मुलांना स्पष्ट सांगितलेच पाहिजे. पण आपल्या घरांत असे प्रसंग आले की आपले विद्वान आजीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात. आम्हाला त्या बाईच्या बोलण्यात साक्ष दिसते. जिथे डॉक्टर येत नव्हता, एसटी थांबत नव्हती, तिथे लेकरू तापले तर तिच्या हाती दुसरे काय होते? गावात दवाखाना का नव्हता, हा खरा प्रश्न आहे आणि नातवाने तो विचारायला हवा. त्याने विचारलाही. मग दुपारी एक तास आजी बोलत राहिली: कोणत्या विहिरीवर पाणी वरून ओतायचे, बाळंतपणाला कोण यायचे, १९७८ साली नामांतराचा ठराव झाल्यावर वस्ती रात्ररात्र का जागत होती. पोचीराम कांबळे आणि गौतम वाघमारे ही नावे थोरल्याला पाठ होती, पण त्या रात्री आपल्या आजीने लेकरू पोटाशी धरून कडब्याच्या गंजीत काढल्या, हे त्याने पहिल्यांदाच ऐकले.

आता वकील म्हणून एक गोष्ट सांगणे भाग आहे. जात पडताळणीची प्रकरणे आमच्याकडे रोज येतात. अनुसूचित जातीसाठी मानीव तारीख १० ऑगस्ट १९५०. त्या तारखेला किंवा त्यापूर्वी आपले कुटुंब आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत राहत होते, हे दाखवावे लागते. २००१ च्या अधिनियम क्रमांक २३ प्रमाणे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० मध्ये मिळाल्या, पण कागद मागताना समिती धर्मांतराआधीची नोंदच पाहते. ज्याचा आजा शाळेची पायरी चढला नाही, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने कागद आणायचा कोठून? मुलीला मेडिकलची जागा मिळते आणि उताऱ्यापायी हातची जाण्याची वेळ येते.

आमच्या पुतणीचे प्रकरण असेच अडले होते. घरातले हे पहिलेच. आणि मार्ग निघाला तो थोरल्याच्या गृहपाठातून. शाळेने ‘आमचे कुटुंब’ म्हणून झाड काढून आणायला सांगितले होते. आबांच्या मांडीला टेकून तो एकेक फांदी काढत होता. आबांनी थोरल्या भावाचे नाव सांगितले. हे चुलते तरुणपणीच वारले, मूलबाळ नव्हते, म्हणून वंशावळीच्या शपथपत्रात नावापलीकडे त्यांची दखल नव्हती. थोरल्याने सहज विचारले, “ते कोणत्या शाळेत होते?” आबा म्हणाले, “आपल्या गावात आपल्याला कोण बसू देतंय? पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या साली त्याला आत्याच्या गावी शाळंत घातलं व्हतं.” म्हणजे १९४९!

काही क्षण कोणी बोलले नाही. मग पुतणीला फोन गेला. ज्यांच्या घरी अजून सत्तरीपुढची माणसे आहेत त्यांनी पुढच्या भेटीत एक वही काढावी आणि लिहिण्याचे काम नातवंडांकडे द्यावे. बापाने विचारले तर म्हातारे ‘कशाला ते जुनं’ म्हणतात, नातवाला नाही म्हणत नाहीत. पणजोबांचे पूर्ण नाव, आत्यांची सासरची गावे, कोण कोणत्या शाळेत किती दिवस गेला, कोणाकडे सालदार होता, कोणती जमीन कधी गेली. ज्या फांद्यांना पुढे पाने नाहीत त्या आधी विचाराव्यात.

सोमवारी आम्ही त्या गावच्या मुख्याध्यापकांकडे प्रवेश निर्गम उताऱ्यासाठी अर्ज दिला. रजिस्टर आहे. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत आणि त्या सालच्या नोंदी उर्दूत आहेत, त्यामुळे सध्या ती वाचून भाषांतर करून देणाऱ्याचा शोध चालू आहे. आबा-आई पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहेत. या खेपेला आबांनी स्वतःहून निरोप धाडला आहे की झाडाची वही तयार ठेवा, आईच्या माहेरची बाजू राहिली आहे.