पेडण्याच्या शेपटीतला 'एम'

'मडगाव' हा शब्द सावकाश म्हणून पाहा. मधल्या 'ड'पाशी जीभ मागे वळते आणि टाळूला ओझरता फटका मारून पुढे येते. डमरूतला ड ठोक. घोड्यातला, मडगावातला ड निसटता. हा निसटता ड पोर्तुगीजांच्या भाषेत नाही. त्यांच्या कानाला तो 'र'च्या जवळचा वाटला आणि मडगावचे 'मार्गांव' झाले. पेडणेचे 'पेर्णें', कुडतरीचे 'कुर्तोरीं', कुडचडेचे 'कुर्चोरें'. दर वेळी ड जाऊन र.

गोवा शहर त्यांच्या हाती आले 1510 मध्ये, बारदेश आणि सासष्टी 1543 मध्ये. मग जमिनीच्या वह्या आल्या, चर्चची दप्तरे आली, आणि गावांची नावे रोमी अक्षरांत उतरू लागली. लिहिणाऱ्याने ऐकले तसे आणि आपल्या अक्षरांत बसेल तसे लिहिले. 'फिरंग्यांनी आमच्या नावांची वाट लावली' अशी तक्रार आपण करतो, ती मला अर्धीच पटते.

कारण खरी गंमत या नावांच्या शेपटीत आहे. पेडणे, केपे, सांगे, कांदोळी: रोमी लिपीत या सगळ्यांच्या शेवटी 'एम' हे अक्षर येते. पोर्तुगीज वाचणाऱ्याला तो 'म' नव्हेच. शब्दाच्या शेवटचा एम म्हणजे आधीचा स्वर नाकातून काढायची खूण, आपल्या अनुस्वारासारखी. कोकणीत आजही पेडणें, केपें, सांगें असाच उच्चार आहे. मराठीतही पुणें, ठाणें असे टिंब देऊनच लिहीत. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. मराठीने पुसलेले ते टिंब पोर्तुगीज कारकुनाच्या एमने जपून ठेवले आहे!

घोळ पुढचा आहे. 1961 मध्ये पोर्तुगीज गेले, स्पेलिंग राहिले आणि ते इंग्रजी शिकलेल्या डोळ्यांनी वाचले जाऊ लागले. 'कांडोलिम' हे नाव पोर्तुगीजांनी ठेवलेले नाही. ते आपल्या इंग्रजी शाळेचे बाळ. पणजीच्या बसस्थानकावर मी एकदा रोमी पाटी वाचून, बऱ्यापैकी ऐटीत, "सांगेमची गाडी हीच ना?" असे विचारले होते. कंडक्टरने मान वर न करताच पाटी दुरुस्त केली: "सांगें? बसात."

मुंबईचेही तेच. पोर्तुगीज 'बोंबाईं' लिहीत, शेवटी तोच नाकातला एम. म्हणून तर 'बोम बाहिया', म्हणजे चांगला उपसागर, ही गोष्ट रचली गेली. पण त्यांच्या भाषेत उपसागराला असलेला शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याआधी 'बोआ' यायला हवे, 'बोम' नाही. शिवाय गार्सिया द ओर्ता या वैद्याकडे हे बेट खंडाने होते, आणि 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात तो ते 'मोंबाईं' असे, 'म'नेच, लिहितो. हे मुंबईच्या किती जवळ आहे! बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले 1665 मध्ये. त्यांनी शेवटचा नाकातला सूर टाकला आणि उरले बॉम्बे.

वसईचे 'बसाईं', वांद्र्याचे 'बांदोरा' कसे झाले? आपला व दातांना न शिवता नुसत्या ओठांतून निघतो, तो त्यांना ब वाटला असावा. पण हा नियम सरसकट नाही. गोव्यातल्या वेर्ण्याचा व जागच्या जागी राहिला. बसाईंचे इंग्रजांनी बॅसीन केले. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये किल्ला घेतल्याला पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी अरबी समुद्रातले वायूचे क्षेत्र अजून बॅसीनच आहे.

पोर्तुगीजांनी कोरी करकरीत नावेही दिली, नाही असे नाही: पणजीतले फोंतेन्यास म्हणजे लहान झरे, सांताक्रूझ म्हणजे पवित्र क्रूस. पण माझे आवडते नाव काणकोणच्या बाजूचे. तिथल्या, समुद्रात घुसलेल्या एका भूशिराशी वनवासातल्या रामाची कथा जोडलेली होती. पोर्तुगीजांनी भूशिराला आपला शब्द लावला, राम तसाच ठेवला. काब द राम.